घाटावरच्या माणसाचं सर्फिंग: गोव्याला शिकायला जाण्याआधी आणि गेल्यावर

सर्फिंगबद्दल, म्हणजे बोर्डवर उभं राहून लाटेवर स्वार होण्याच्या खेळाबद्दल, आपल्याकडचे लोक जे प्रश्न विचारतात ते ठरलेले असतात. बोर्ड कुठला घ्यायचा, खर्च किती येतो, किती दिवसांत जमतं. कोणत्या महिन्यात जावं आणि त्या दिवशी भरती किती वाजता आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरं तर पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं गोव्यात उतरल्यावरही मिळतात. शेवटची दोन घरूनच ठरवून निघावं लागतं, कारण चुकीच्या दिवशी गेलात तर उत्तम शिक्षक आणि महागडा बोर्ड असूनही हाती फक्त खारं पाणी लागतं.

सांगलीत माई घाटावर नाहीतर सरकारी घाटावर पोहायला शिकलेला, किंवा साताऱ्याकडच्या एखाद्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेला माणूस पाण्याला घाबरत नाही. होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारणाऱ्यांचे खांदे तर सर्फिंगसाठीच घडवल्यासारखे असतात. पण नदीच्या काही सवयी समुद्रात उपयोगाच्या आहेत आणि काही थेट घातक आहेत. त्या कुठल्या, ते पुढे येईलच. (मगरीची काळजी मात्र तिकडे नाही, एवढं सांगलीकरांना आधीच सांगून टाकतो.)

आधी महिना

जून ते सप्टेंबर सरळ खोडून टाका. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यांवर लाल झेंडे लागतात आणि ते शोभेला लावलेले नसतात. लाटा मोठ्या, वारा समुद्राकडून, पाणी गढूळ आणि ओढ जबरदस्त. अनेकांचा समज असतो की नारळी पौर्णिमा झाली, मासेमारी होड्या बाहेर पडल्या, म्हणजे समुद्र शांत झाला. होडीवाल्यांना समुद्र पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आपल्याला नाही. शिकाऊ माणसाने दसऱ्याच्या आधी जाऊ नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पहिल्यांदा शिकणाऱ्याचा काळ. लाटा छोट्या, गुडघा ते कंबरेएवढ्या, पाणी नितळ. या दिवसांत अरबस्तानाकडे ‘शमाल’ नावाचे वायव्येचे वारे वाहतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. काही दिवस समुद्र अगदीच सपाट असतो, ही या काळाची एकच अडचण. म्हणून एका दिवसासाठी धावत जाऊ नका, निदान तीन सकाळी हाताशी ठेवा.

मार्चपासून चित्र बदलतं. एप्रिल-मेमध्ये हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा येऊन पोहोचू लागतात. दिसायला फार उंच नसल्या तरी त्यांच्यात जोर असतो. ज्याला उभं राहता येतं त्याला हा काळ आवडतो. नवख्याला झेपेलच असं नाही. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षवाल्यांची इथे पंचाईत होते. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत बागेतून मान वर करता येत नाही, आणि मोकळीक मिळते ती मार्चअखेर, खरड छाटणीच्या आधी. त्यांनी जावं, पण पहिले दोन दिवस शिक्षकाशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये.

शाळेच्या सुट्टीतच जायचं असेल तर मेपेक्षा दिवाळीची सुट्टी कितीतरी बरी. खोल्या महाग असतात, पण समुद्र शहाण्यासारखा वागतो.

मग तिथी

हा भाग नीट वाचा, कारण घाटावर राहून भरती-ओहोटीशी आपला संबंधच येत नाही.

समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातली जुनी माणसं याचा हिशेब तिथीवरून करतात: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी सव्वाबाराच्या आसपास ओहोटी, संध्याकाळी साडेसहाकडे पुन्हा भरती. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायला लागायचं आणि अमावास्येला पंधरा धरायचे. हिशेब ढोबळ आहे, पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे निघण्याआधी मोबाइलवर त्या किनाऱ्याचं भरतीचं कोष्टक पाहून घ्याच. पण सुट्टीचे दिवस निवडताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून दहा सेकंदांत अंदाज येतो, आणि नेमकं तेच हवं असतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. गोव्यात हा फरक सुमारे दोन मीटरपर्यंत जातो. पाण्याची पातळी भराभर बदलते, त्यामुळे सात वाजता जिथे लाट छान फुटत होती तिथे नऊला काहीच उरत नाही. अष्टमी-नवमी-दशमीला याच्या उलट, भांगाची भरती असते. पाणी थोडंच चढतं, थोडंच उतरतं आणि सकाळभर लाटा साधारण त्याच जागी फुटत राहतात. शिकणाऱ्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची असते, त्यामुळे त्याला हे फार सोयीचं पडतं. म्हणून माझा सल्ला असा, की पहिल्या खेपेला नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली एखादी शुद्ध किंवा वद्य अष्टमी शोधा आणि तिथपासून तीन-चार दिवस धरा. शनिवार-रविवार जुळला तर उत्तम, नाही जुळला तर रजा टाका.

पूर्ण भरतीला काही किनाऱ्यांवर लाट थेट काठाच्या वाळूवर आपटते. त्यात मान आणि खांदे दुखावतात. तशा वेळी पाण्यात न जाता चहा घ्यावा.

मग तास

शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेले असतात, त्याचा उपयोग अखेर इथे होतो. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा लाटेला समोरून थोपवून धरतो; लाट उभी राहते, तिचा चेहरा गुळगुळीत होतो आणि ती सावकाश फुटते. ऊन चढलं की खारा वारा सुरू होतो, समुद्र कुस्करल्यासारखा दिसायला लागतो. दुपारी दोनला मिळणारी ‘स्वस्त बॅच’ स्वस्त का असते, ते यावरून कळेल.

सूर्योदयानंतर तासाभराने पाण्यात उतरायचं हे धरून झोपेचं गणित मांडा. रात्री घाट उतरून पहाटे पोहोचायचं आणि तसंच पाण्यात जायचं, असं करू नका.

लाटांचा अंदाज पाहायला विंडी किंवा सर्फलाइनसारखी ॲप आहेत आणि हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था समुद्रस्थितीचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. ॲपवर तीन आकडे बघायचे: लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, आणि वाऱ्याची दिशा. लोक फक्त उंची पाहतात. एक मीटरची लाट सहा सेकंदांनी येत असेल तर ती जवळच्या वाऱ्याने उठवलेली, विस्कळीत आणि कमी जोराची. तीच एक मीटर चौदा सेकंदांनी येत असेल तर ती लांबून आलेली आहे आणि काठाशी येताना आणखी उंच होणार. नवख्याला अर्धा ते एक मीटर आणि आठ ते बारा सेकंद पुरेसे होतात. आणखी एक लक्षात ठेवा: अंदाजातली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून त्याच्या जवळजवळ दुप्पट लाट येऊ शकते, त्यात समुद्राने फसवलं असं काही नाही.

जागा आणि रस्ता

आपल्या बाजूने गेलं तर पेडणे तालुका सर्वांत जवळ पडतो: मोरजी, अश्वे, मांद्रे, हरमल, केरी अशी ओळीने किनारपट्टी. शिकण्यासाठी अश्वे-मांद्रे आणि हरमलची वाळू चांगली, उतार मंद आणि सर्फिंग शिकवणारेही तिथेच जास्त. हरमलच्या उत्तर टोकाला खडक आहेत, तिकडे जाऊ नये. मोरजीच्या दक्षिणेला शापोरा नदी आणि केरीच्या उत्तरेला तेरेखोल नदी समुद्राला मिळते. नदीच्या मुखाशी ओढ विचित्र असते, वाळूचे दांडे रोज जागा बदलतात; तिथे पोहणंसुद्धा नको. मोरजी-मांद्रे भागात ओलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री वाळूवर टॉर्च मारत फिरू नका आणि कुंपण घातलेल्या जागेत शिरू नका.

गाडीने सांगली-कोल्हापूर-गडहिंग्लज-आंबोली-सावंतवाडी हा रस्ता सोपा, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. साताऱ्याहून सत्तर-ऐंशी किलोमीटर जास्त धरा. हिवाळ्यात आंबोलीत भल्या पहाटे धुकं असतं, त्यामुळे आदल्या दिवशी दुपारी निघून उजेडात घाट उतरलेला बरा. रेल्वेने जायचं तर गोवा एक्स्प्रेस साताऱ्याला आणि सांगलीला थांबते, पण ती मडगाव-वास्कोकडे जाते आणि मडगावहून अश्वे चांगलं लांब आहे. टॅक्सीचं भाडं ऐकल्यावर गाडी परवडली असं वाटेल.

शिकवणारा निवडताना

दर हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून आकडा नुसता ऐकून ठरवू नका. फोनवर हे विचारा: एका शिक्षकामागे किती जण? दोन-तीन ठीक, सहा असतील तर नको. शिक्षक पाण्यात सोबत असतो की काठावरून ओरडतो? त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय सर्फिंग असोसिएशनचं किंवा भारतीय सर्फिंग महासंघाचं प्रशिक्षण आणि जीवरक्षणाचं प्रमाणपत्र आहे का? समुद्र खराब असेल तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख? या शेवटच्या प्रश्नावर जो म्हणतो, “काही होत नाही हो, रोज घेतो आम्ही”, त्याला नमस्कार करून फोन ठेवावा.

बोर्ड विकत घेण्याचा विचार पहिल्या वर्षी मनातून काढून टाका. तुम्हाला लागणार आठ ते नऊ फुटांचा, वरून फोमचा जाड बोर्ड, आणि तो सर्फिंग शिकवणाऱ्यांकडेच मिळतो. तरुण पोरांना छोटा, टोकदार, देखणा बोर्ड हवा असतो. त्यावर ती दिवसभर फक्त पडतात.

घरची तयारी

तीन आठवडे आधीपासून सुरुवात करा. तालमीत दंड मारलेल्या माणसाला अर्धं काम आधीच येतं. चटईवर पालथं झोपा, तळवे छातीच्या खालच्या फासळ्यांशी टेका, कोपर अंगाला चिकटलेले. छाती उचला, नजर समोरच्या भिंतीवर, आणि एका दमात दोन्ही पाय अंगाखाली आणून, अंग एका बाजूला वळवून उभं राहा: पुढचा पाय बोर्डच्या मध्याशी, मागचा खांद्याएवढ्या अंतरावर, गुडघे वाकलेले. गुडघा टेकून उठायची सवय लावून घेऊ नका, ती पुढे सुटत नाही. रोज वीसेक वेळा पुरे. पुढचा पाय कोणता, हे ठरवायला कुणाला तरी नकळत पाठीमागून हलकं ढकलायला सांगा. जो पाय आपोआप पुढे पडतो, तो पुढचा.

पोहणं येत नसेल तर कंबरेएवढ्या पाण्यात शिक्षकासोबत धडा घेता येतो, पण निदान दहा मिनिटं न घाबरता तरंगता आलं पाहिजे. फिट येणारे, हृदयाचा त्रास असणारे किंवा खांदा निखळण्याचा इतिहास असणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

सामानात अंगाला घट्ट बसणारा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट हवाच. बोर्डवर पालथं पडून छाती-पोट इतकं घासतं की रात्री अंघोळीला आग होते. बायकांना लेगिंग्ज आणि हाच शर्ट उत्तम. सुती बनियन आणि बर्म्युडा नको, पाण्यात जड होतात. नाकाला आणि गालाला झिंकच्या सनस्क्रीनचा जाड थर. गोव्यात पाणी बाराही महिने कोमट असतं, त्यामुळे रबरी सूट लागत नाही.

पाण्यात पहिला दिवस

शिक्षक वाळूवर बोर्डचा आकार आखून उठायचा सराव घेईल. मग मागच्या पायाच्या घोट्याला दोरी बांधायची. तिला लीश म्हणतात. पट्टी लावताना आतली वाळू झटकून टाका. एक चिमूट वाळू राहिली तरी दोन तासांत घोटा सोलून निघतो. दोरीचा सांधा पायाच्या बाहेरच्या, मागच्या बाजूला हवा, म्हणजे पायात अडकत नाही.

आत जाताना पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत चाला. पाकट, म्हणजे शेपटीत काटा असलेला चपटा मासा, वाळूत दबून बसलेला असतो, घासत चाललं की तो आधीच निघून जातो. बोर्ड अंगाच्या बाजूला, टोक समुद्राकडे. बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरू नका. गुडघाभर फेससुद्धा नऊ फुटांचा बोर्ड तोंडावर आणून आदळतो. पहिल्या दिवशीच्या बहुतेक जखमा अशाच होतात.

पहिल्या दिवशी फुटून गेलेल्या लाटेच्या फेसावरच शिकायचं. कंबरेएवढ्या पाण्यात बोर्ड काठाकडे वळवून पालथं झोपा, पायाची बोटं बोर्डच्या शेपटाशी. फार पुढे सरकलात तर टोक बुडतं आणि कोलांटी बसते. फार मागे राहिलात तर लाट खालून निघून जाते. फेस मागून येतो, शेपूट किंचित उचललं जातं, क्षणभर काहीच होत नाही आणि मग बोर्ड एकदम सुटतो. नवखा माणूस शेपूट उचललं जाताच घाईने उठतो आणि पडतो. बोर्ड सुटेपर्यंत थांबा, आणखी दोन हात मारा, मग उठा. उठल्यावर पायांकडे बघायचं नाही. काठावरचं नारळाचं झाड किंवा शॅकचं छप्पर नजरेत धरून ठेवा. खाली बघितलं की वजन पुढे जातं.

आता नदीची घातक सवय. घाटावरून सूर मारायची ज्याला सवय आहे तो पडतानाही डोकं खाली घालून पडतो. लाटेखाली वाळूचा दांडा कधी कधी दोन फुटांवर असतो. डोकं खाली घालून कधीच पडायचं नाही. पाठीवर किंवा कुशीवर, पसरून, उथळ पडायचं. पाण्याखाली दोन्ही हातांनी डोकं झाकायचं आणि वर येताना एक हात आधी बाहेर काढायचा, कारण बोर्ड कुठे आहे ते दिसत नसतं.

लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहणाऱ्यांची असते, बोर्ड तिथे नेऊ नका. एका लाटेवर एकच माणूस. जो लाट फुटण्याच्या जागेच्या सर्वांत जवळ आहे, त्याची ती लाट. आपल्या एसटीच्या शिस्तीचा इथे उपयोग नाही.

ओढ लागली तर

काठावर आलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. ते अरुंद पट्ट्यातून वेगाने आत जातं. काठावरून पाहिलं तर दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मध्ये एक गडद, शांत वाटणारा पट्टा, त्यावरून फेस आत चाललेला. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे लाट नसते. उतरण्याआधी दहा मिनिटं काठावर उभं राहून हा पट्टा शोधणं हा धड्याचाच भाग समजा.

अडकलातच, तर कृष्णेची चांगली सवय कामी येते. चढत्या पाण्यात पोहणारा कुणीही प्रवाहाशी भांडत नाही, तो वाहत वाहत तिरपा कापत काठ गाठतो. इथेही तेच, फक्त काठाला समांतर जायचं, लाटा फुटताना दिसतील तिथपर्यंत, आणि मग त्यांच्यासोबत बाहेर यायचं. बोर्ड सोडायचा नाही, तोच तुमचा तराफा आहे. दमलात तर त्यावर पडून राहा आणि एक हात वर करून हलवा. २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर दृष्टी मरीनचे जीवरक्षक आहेत, पण उजाडताच ते मनोऱ्यावर असतीलच असं नाही. म्हणून एकट्याने कधीच उतरू नका, आणि दारू घेऊन तर नाहीच. रात्रीची उतरली असं वाटत असलं तरी नाही.

जेलीफिश चिकटली तर गोडं पाणी ओतू नका, वाळूने चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, उरलेले धागे चिमट्याने काढा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटं बुडवा आणि जीवरक्षकांना दाखवा. श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना.

दुसऱ्या दिवसापासून

दीड-दोन तासांपेक्षा जास्त वेळ पाण्यात राहू नका. दमलेला माणूस उशिरा उठतो आणि चुकीचं शिकतो. बाहेर आल्यावर लिंबू-मीठ-साखर, मग जेवण. सोलकढी हवी तेवढी. दुपारी खाली वाकलात की नाकातून अचानक पाण्याची धार लागेल, घाबरू नका, सगळ्यांचंच होतं. तिसऱ्या दिवशी खांदे बोलायला लागतात. त्या दिवशी बहुतेकांना फेसावर सरळ उभं राहता येतं आणि काहींना न फुटलेली लाट धरावीशी वाटते. शिक्षक हो म्हणाला तरच.

फेसावर सहज उभं राहता यायला लागलं की पुढची जागा मुल्की. मंगळूरजवळ, कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. २००४ मध्ये तिथे मंत्रा सर्फ क्लब सुरू झाला, आणि भारतातल्या सर्फिंगची सुरुवात तिथूनच धरतात. शेजारच्या ससिहित्लू किनाऱ्यावर स्पर्धा होतात. शांभवी आणि नंदिनी नद्यांचं मुख जवळ असल्याने तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय उतरायचं नाही. परदेशी जायचं तर श्रीलंकेतलं वेलिगामा नवख्यांसाठी उत्तम, वाळूचा मोठा उपसागर, भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा. नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच जावं. तिथे तिथीचा पाऊणपट हिशेब चालणार नाही, स्थानिक कोष्टक बघा. आणि रजा फक्त जुलै-ऑगस्टमध्येच मिळत असेल तर पश्चिम किनारा विसरून तामिळनाडूत महाबलीपुरम किंवा चेन्नईजवळच्या कोवलमला जा. नैऋत्य मोसमी वारा तिकडे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे आपल्याकडे लाल झेंडे असताना तिथे हंगाम असतो. केरळातही कोवलम नावाचा किनारा आहे, तेव्हा तिकीट काढताना राज्य तपासून घ्या.